आधी कान, मग पान

मी नेमकं काय काम करते हे माझ्या आईला आजतागायत कुणाला नीट सांगता आलेलं नाही. धुळ्याला आमच्या गल्लीत कुणी विचारलं की ती सांगते, "संस्थावाल्यांचे फोटो काढते." मामा म्हणतो, "पेपरात छापून आणते." शेजारच्या काकूंची तर पक्की समजूत आहे की मी कुठल्यातरी पुढाऱ्याकडे कामाला आहे आणि लाजेपोटी बोलत नाही. कार्डावर माझ्या नावाखाली 'जनसंपर्क अधिकारी' असं छापलंय. ते कार्ड मी एकदा भुसावळ स्टेशनवर तिकीट तपासनिसाला ऐटीत दाखवलं होतं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि तिकीट मागितलं.

ज्या संस्थांकडे जाहिरातीला पैसे नसतात त्यांचं काम लोकांच्या कानावर घालायचं, हा माझा धंदा. न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत आणि बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात म्हणतात ना, तसे हे सगळे गहूवाले. त्या हिवाळ्यात मी तिघांचं काम एकाच स्कुटीवर आणि एकाच फोनवर करत होते. शिरपूरकडे डोंगरात झाडं लावणारे, धुळ्यात रक्तदान करवणारे आणि एरंडोलजवळ लहान मुलांचे कान तपासणारे. फोन एक, ग्रुप छत्तीस. एकदा घाईघाईत मी झाडवाल्यांचा मेसेज रक्तदात्यांच्या ग्रुपवर टाकला: 'खड्डे खणून तयार आहेत, सर्वांनी वेळेवर यावे.' त्या खेपेला रक्तदाते जरा कमीच आले.

तिघांमध्ये माझा जीव होता तो कानवाल्यांवर, म्हणजे खरं तर अक्कांवर. अक्का त्या केंद्राच्या प्रमुख. साठी ओलांडलेली, ताठ कण्याची बाई. वाढल्या भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. दिवसरात्र इंजिनांचा आवाज, त्यामुळे घरात सगळेच ओरडून बोलायचे. आणि म्हणूनच, त्यांच्या धाकट्या भावाला ऐकू येत नाही हे तो शाळेत जाईपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. "इतका आरडाओरडा होता घरात," अक्का सांगायच्या, "की त्याला ऐकू येत नाही हे आम्हाला ऐकू आलं नाही." तो भाऊ कधी बोलायला शिकला नाही. अक्का मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या, निवृत्त झाल्या आणि हे केंद्र काढून बसल्या. दोन खोल्या, पुढे अंगण, एक तपासणारी मुलगी आणि कानात लहानसं बोंड घालून ऐकू येतं की नाही ते सांगणारं एक यंत्र. मूल दोन-तीन वर्षांचं असताना कळलं तर बोलणं हाती लागतं, नंतर फार अवघड होतं, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

पण येणारंजाणारं होतंच कोण? मूल बोलत नाही म्हटलं की घरोघरी एकच उत्तर: त्याचा बापही उशिरा बोलला होता. मी पहिल्या शिबिराचं नाव मोठ्या दिमाखात 'श्रवणक्षमता चाचणी' असं ठेवलं. एक आजी तेवढ्या आल्या आणि म्हणाल्या, "श्रावण ते सरी गया ना वं ताई!" दुसऱ्या शिबिराला नाव सोपं केलं, तर आजीसुद्धा आल्या नाहीत. तिसऱ्या वेळी पत्रकार परिषद घेतली. पाटावर मांडलेल्या बिस्किटांकडे मी, अक्का आणि तपासणारी मुलगी अशा तिघी बघत बसलो. शेवटी आम्हीच ती खाल्ली.

आणि मग पुण्याहून निरोप आला. केंद्राचा खर्च पुण्याचा एक ट्रस्ट करायचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लोक येत नसतील तर यंत्र आणि माणूस दुसऱ्या जिल्ह्यात हलवू, जिथे लोक येतात. रविवारी आम्ही स्वतः शिबिर पाहायला येतो, तेव्हाच काय ते ठरवू. अक्कांनी मला फोन केला. एरवी 'जय भीम, बोल' म्हणून लगेच कामाचं बोलणारी बाई, त्या दिवशी आधी माझ्या आईची तब्येत विचारत बसली. मग म्हणाल्या, "माणसं आण बाई. कशीही आण. खोटं बोलून नको, पण आण."

मी रात्रीचा दिवस केला नाही, पण संध्याकाळभर बसून बातमी लिहिली. सोपी, सुटसुटीत. 'लहान मुलांच्या कानांसाठी भरीव कार्यक्रम. रविवारी सकाळी सर्वांनी सहकुटुंब यावे, लहान मुलांना आवर्जून आणावे.' वाचून मीच माझ्यावर खूश झाले. ती आमच्या भागातल्या एका छोट्या दैनिकाला पाठवली आणि निवांत झोपले.

शनिवारी सकाळी पेपर उघडला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ठळक मथळा होता: 'लहान मुलांच्या खाण्यासाठी भरीत कार्यक्रम.' खाली केंद्राचा पत्ता अगदी बिनचूक. सर्वांनी सहकुटुंब यावे, तेही जसंच्या तसं. पेशवाईत म्हणे 'ध'चा 'मा' झाला होता. आमच्याकडे 'व'चा 'त' झाला.

मी पेपरात फोन लावला. अक्षरजुळणी करणारे भाऊ उलट माझ्यावरच उपकार केल्याच्या सुरात बोलले. "ताई, डिसेंबर चालू आहे. भरीव काय असतं डिसेंबरमध्ये? मला वाटलं तुमचा त चुकला, म्हणून दुरुस्त केला."

"अहो, आणि कानांसाठी?"

"तेच ना! कानांसाठी कोणी भरीत करतं का? म्हटलं, खाण्यासाठी म्हणायचं असेल. तेही करून टाकलं."

हा घोटाळा जगात दुसरीकडे कुठे झालाच नसता. आमच्याकडे थंडी पडली की माणसं एकमेकांना 'कसे आहात' विचारायच्या आधी 'भरीत कधी' असं विचारतात. शेतात कपाशीच्या काट्यांचा, म्हणजे वाळलेल्या खोडांचा जाळ करायचा, त्यात हातभर लांब हिरवी-पांढरी वांगी भाजायची, लाकडी काठवटीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वर कच्चं तेल, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. लग्नाला न येणारा माणूस भरताला येतो. सोयरीक मोडलेली माणसं भरताच्या पंगतीत शेजारी बसतात. आणि हे तर फुकट, सहकुटुंब, वर लहान मुलांना आवर्जून!

दुपारपर्यंत ती बातमी माझ्याच फोनवर निरनिराळ्या नऊ ग्रुपांतून परत आली. वाटेत कुणीतरी 'भाकरी पण शे' अशी भर घातली होती. रक्तदान ग्रुपवर एकाने विचारलं, "खड्डे नाहीत ना या वेळी?" मी शुद्धिपत्र छापायला सांगितलं, आणि त्यांनी छापलंही. रविवारी, सातव्या पानावर, बोअरवेलच्या जाहिरातीखाली.

अक्कांना सांगायला गेले तेव्हा माझी बोबडी वळली होती. त्यांनी पेपर वाचला, चष्मा काढला, परत लावला, परत वाचला. मला वाटलं आता काही खरं नाही. "माणसं जेवायला येतील," त्या म्हणाल्या, "आणि आपण त्यांच्या पोरांच्या कानात बोंड घालणार?" मग त्यांच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. अक्कांना हसताना मी तोवर पाहिलंच नव्हतं, त्यामुळे आधी मला त्यांना ठसका लागला असंच वाटलं.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तर केंद्राच्या दारात ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत बायका, प्रत्येकीच्या हातात आपलं ताट आणि मांडीवर पोर. मोटारसायकलीवर चार-चार जण. कुणी कांद्याची पात आणली होती, कुणी फडक्यात बांधून भाकरी. ज्या पत्रकारांना मी तीन वेळा हात जोडले होते ते सगळे आले होते, बायकोमुलांसकट. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते, आणि भीतीने पण.

"ताई, भरीत कोठे शे?" एका आबांनी मला अडवलं. पांढरं धोतर, डोक्याला मफलर, कडेवर अडीच वर्षांची नात. नातीच्या झबल्यावर काजळाचा डाग आणि मुठीत पेरूची फोड. "आम्ही सकायपासून काही खादं नही."

मी काहीतरी गोलमाल बोलणार होते. माझा धंदाच तो. म्हणजे 'थोड्याच वेळात', 'व्यवस्था सुरू आहे' अशी वाक्यं माझ्या जिभेवर कायम तयार असतात. पण तेवढ्यात अक्कांनी माईक हातात घेतला.

"भरीत नाहीये," अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला खरं तर माईक लागत नाही. "छापण्यात चूक झाली. इथे लहान मुलांचे कान तपासतात. तुम्ही लांबून आलात, मला फार वाईट वाटतंय. पण आलाच आहात तर पोरांचे कान तेवढे दाखवून जा. आज माणसं आली नाहीत तर हे केंद्र इथून जाणार आहे. भरीत मी तुम्हाला देऊ शकत नाही."

ट्रॉलीतल्या बायकांनी ताटं पदराखाली घेतली. ट्रॅक्टरवाल्याने तर चावीला हातही घातला. माझ्या डोळ्यांपुढे ते यंत्र खोक्यात भरून दुसऱ्या जिल्ह्यात चाललेलं दिसायला लागलं.

आणि मग ते मफलरवाले आबा मोठ्याने म्हणाले, "नही शे ते नही शे. करी टाकूत! वांगा मन्हा वावरमा शेतस, काट्या भी शेतस. अक्का, तुम्ही कान देखा, आम्ही वांगा देखतस!"

एवढंच. पुढच्या अर्ध्या तासात काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही, कारण मी नुसती हसत होते. आबांचं वावर रस्त्याच्या पलीकडेच. ज्या ट्रॅक्टरची चावी फिरणार होती तोच वांगी आणायला गेला. बायकांनी चुली मांडल्या. कुणाच्या तरी मळ्यातून केळीची पानं आली. आणि माझ्या डोक्यात त्या क्षणी विजेसारखं काहीतरी चमकलं. मी माईक ओढून घेतला आणि ओरडले, "आधी कान, मग पान!"

इतक्या वर्षांत मी शेकडो घोषवाक्यं लिहिली असतील. त्यांतलं कुणाच्या लक्षात राहिलेलं हे एकच. ज्या पोराचे कान तपासून झाले त्याच्या घरच्यांना पान मांडायचं. लोकांनी ते इतक्या आनंदाने उचललं की रांगेत कुणी मध्ये घुसलं तर मागचे ओरडायचे, "ओ, आधी कान!" आतल्या खोलीच्या खिडक्यांना आम्ही गाद्या लावल्या, कारण यंत्राला शांतता लागते. दारावर मी एका पत्रकाराला उभं केलं. तो तोंडावर बोट ठेवून असा उभा होता की जणू आत कुणी बाळंतीण आहे.

आबा मात्र नातीला घेऊन जाळापाशीच. मी म्हटलं, "आबा, तुमच्या नातीचे कान?"

"तिले काय व्हयेल शे?" ते म्हणाले. "मानी शे ती. मायबाप सुरतले गयात ना कामले, म्हनीसन मन्हावर रुसेल शे. मी हाक मारस, ती देखतच नही." हे सांगताना ते हसत होते, पण नजर वांग्यांवर होती. मी फार खोलात गेले नाही. शंभर माणसं माझ्या अंगावर होती.

तेवढ्यात पुण्याचे पाहुणे आले. दोघं होते. एक बाई लगेच आत यंत्रापाशी गेल्या. दुसरे साहेब, महागाचं जॅकेट घातलेले, अंगणात उभे राहून आ वासून बघत होते. "हे सगळे कानांसाठी आलेत?" त्यांनी मला विचारलं. खोटं बोलायचं नाही असं अक्कांनी बजावलेलं. "नाही सर," मी म्हटलं, "वांग्यांसाठी आलेत. पण कान घेऊन आलेत." मग मी त्यांना 'व' आणि 'त'ची सगळी हकिगत सांगून टाकली. ते पोट धरून हसले. जॅकेट काढून मला दिलं आणि म्हणाले, "मला पण एक वांगं भाजू द्या."

आता, वांगं जाळात टाकायच्या आधी त्याला चार ठिकाणी टोचावं लागतं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, त्यामुळे कुणी कुणाला सांगत नाही. साहेबांनी सगळ्यात जाडजूड वांगं निवडलं, छान पुसलं आणि अखंडच्या अखंड जाळात सरकवलं. मग दोन पावलं मागे सरून कौतुकाने बघत राहिले.

बार उडावा तसं ते वांगं फुटलं. साहेब किंचाळले. त्यांच्या शर्टावर, आबांच्या मफलरवर, माझ्या हातातल्या जॅकेटवर वांग्याचा लगदा. अंगणातली झाडून सगळी पोरं दचकली, निम्मी भोकाड पसरून रडायला लागली. बाकीचं अंगण हसून लोटपोट. मी तर खालीच बसले.

हसत नव्हत्या फक्त अक्का. त्या आवाज ऐकून दारात आल्या होत्या आणि एकाच ठिकाणी बघत होत्या. जाळापासून चार हातांवर, सगळ्यांकडे पाठ करून, आबांची नात मातीत बसली होती. ती दचकली नव्हती. तिने वळूनही पाहिलं नव्हतं. पेरूच्या फोडीतली एकेक बी काढून ती जमिनीवर ओळीने मांडत होती.

अक्का चालत तिच्या मागे गेल्या. खाली बसल्या. एका बाईच्या हातातलं स्टीलचं ताट घेऊन त्यांनी तिच्या पाठीमागे दणकन वाजवलं. सगळं अंगण वळलं. नातीने पुढची बी मांडली.

"आबा," अक्का म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला हळू वाटला, "ही रुसलेली नाही हो."

आबांना आधी काही कळलं नाही. मग कळलं. हातातलं वांगी ठेचायचं दांडकं त्यांनी अलगद खाली ठेवलं, जसं काही त्याचाही आवाज व्हायला नको. नातीला उचललं आणि रांगेत कुणी काही म्हणायच्या आतच बायकांनी वाट करून दिली. इतकं हसल्यानंतर इतकं रडू येतं हे मला माहीत नव्हतं.

भरीत मात्र झालंच. साहेबांनी लगदा पुसत पुसत तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि जाताना अक्कांना म्हणाले, "केंद्र इथंच राहील." नंतर ऐकलं की ट्रस्टच्या बैठकीत त्यांना कारण विचारलं तेव्हा ते छाती पुढे काढून म्हणाले होते, "ती मुलगी मी शोधली. वांगं मी फोडलं." बातमी दुसऱ्या दिवशी सगळ्याच पेपरांत आली. अक्षरजुळणीवाल्या भाऊंनी या वेळी छापायच्या आधी मला फोन केला. "ताई, नक्की सांगा, भरीत की भरीव?" मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

नातीला ऐकण्याचं यंत्र बसलं ते थेट आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमाराला. मधे जळगावला चार खेपा झाल्या, मोठ्या तपासण्या झाल्या, मायबाप सुरतेहून येऊन गेले. यंत्र बसलं त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते, फोटो काढायला. बाहेर उन्हाचा नुसता फुफाटा. आत सतरंजीवर नात बसलेली, दोन्ही कानांमागे बोटाच्या पेराएवढी गुलाबी यंत्रं. अक्कांनी आबांना तिच्या मागे बसवलं. "लगेच शब्द कळणार नाहीत तिला," त्यांनी समजावलं. "आज नुसता आवाज कळेल. शब्द आपण शिकवू. तुम्ही हाक मारा."

आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. शब्दच फुटेना. इतके दिवस त्या पाठमोऱ्या पोरीला हाका मारून दमलेला माणूस, आणि आता ऐकेल म्हटल्यावर वाचाच बसली.

"अहो बोला की आबा!" अक्का खेकसल्या. "तिला ऐकायला आलं तर आता तुम्ही मुके?"

घाबरून आबांच्या तोंडून निघालं ते हे: "भरीत खाशी का?"

ऐन वैशाखात! वांग्यांचा हंगाम कधीच सरलेला. मी हसणार होते, पण तेवढ्यात नात वळली. पूर्ण वळली. डोळे मोठे करून आबांच्या तोंडाकडे बघायला लागली.

आबा माझ्याकडे वळले. फोन माझ्या हातात तसाच होता, फोटो काढायचं मला सुचलंच नाही. "ताई," ते म्हणाले, "खरंच ती मन्हावर रुसेल नव्हती."

मग त्यांनी तिला हळूच पाठमोरी केली आणि परत विचारलं, "भरीत खाशी का?" ती परत वळली. परत पाठमोरी केली, परत विचारलं. ती परत वळली, या वेळी हसत. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. शेवटी अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "पुरे आता आबा, पोरीला खरंच भूक लागेल."